भावंडाचा सांभाळ आणि सर्वांसाठी रचना

घरातील एखादे मूल दिव्यांग असले म्हणजे त्याच्या संगोपनाचा भार आईबापांवर पडतो, ही गोष्ट सर्वांच्या ध्यानात येते. परंतु त्याच घरात जे दुसरे मूल वाढत असते, त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शाळेतून आल्यावर बहिणीला पाणी देणे, भावाला उचलून ओसरीवर आणून बसवणे, त्याची पाटी धरणे, बाहेरच्या माणसाला त्याचे बोलणे उलगडून सांगणे, ही कामे ते मूल कोणी न सांगता करीत असते. शिक्षकाच्या दृष्टीस हे मूल पडते ते बहुधा हजेरीपटावरून. धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी थांबावे लागले, एवढेच कारण ते सांगते. आणि ते ऐकून घेऊन शिक्षक पुढचे नाव पुकारतो.

अशा मुलाजवळ कोणते ज्ञान साठत असते, त्या ज्ञानातून जगात काय निर्माण झाले आहे आणि ते वाया जाऊ नये म्हणून प्राथमिक शिक्षकाने काय करावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. भावंडाचे ज्ञान

दिव्यांग व्यक्तीस वैद्य तपासतो तो घटकाभर. शिक्षक पाहतो तो शाळेच्या वेळात. भावंड मात्र तिच्याबरोबर जेवते, खेळते, भांडते आणि झोपते. यामुळे इतरांस न दिसणाऱ्या बारीकसारीक गोष्टी त्याला ठाऊक असतात. नळाची तोटी गोल असली तर बहिणीच्या हाताने ती फिरत नाही, पण लांब दांड्याची असली तर कोपराने दाबता येते. उंबरठा दोन बोटे उंच असला तरी खुर्चीचे पुढचे चाक तेथे अडते. ताट सपाट असले तर घास काठावरून निसटतो, खोलगट असले तर निसटत नाही. हे सर्व त्या भावंडाने कोणत्याही पुस्तकात वाचलेले नसते.

या निरीक्षणात एक महत्त्वाचा विचार दडलेला आहे. परका मनुष्य म्हणतो, ‘या मुलीला नळ सोडता येत नाही.’ भावंड म्हणते, ‘हा नळ तिला सोडता येण्यासारखा नाही.’ पहिल्या वाक्यात उणीव मुलीची ठरते, दुसऱ्यात ती नळाची ठरते. मुलीचा हात बदलणे कोणाच्या स्वाधीन नसेल. नळ बदलणे मात्र गवंड्याच्या व सुताराच्याही आवाक्यातील काम आहे. वस्तू, इमारती, खेळ व नियम यांची रचना अधिकाधिक माणसांना वापरता येईल अशी करावी, या विचारास आज सर्वसमावेशक रचना म्हणतात. या शास्त्राचा पाया त्या दुसऱ्या वाक्यात आहे.

२. कीन भगिनी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे नावाचा परगणा आहे. तेथील ॲल्वा व इझी या कीन कुटुंबातील दोघी बहिणी. धाकटी इझी जन्मली तीच स्पायना बिफिडा नावाचा पाठीच्या कण्याचा दोष घेऊन. तिच्या कमरेखालच्या भागात शक्ती नसल्यामुळे लहानपणापासून ती चाकांची खुर्ची वापरते. ॲल्वाला चित्रकलेची आवड. सण किंवा वाढदिवस आला म्हणजे ती बहिणीची खुर्ची सजवीत असे. इझी आनंदी व बडबड्या स्वभावाची. खुर्ची मात्र रुग्णालयातील सामानासारखी रुक्ष. भेटणाऱ्या माणसाची नजर आधी खुर्चीवर जाई, मग अवघडून दुसरीकडे वळे, आणि त्या खुर्चीत बसलेली मुलगी राहूनच जाई. ही गोष्ट थोरल्या बहिणीने वर्षानुवर्षे पाहिली होती.

पुढे ॲल्वा कीन या डब्लिन येथील राष्ट्रीय कला व रचना महाविद्यालयात शिकू लागल्या. २०१६ साली, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी, दीर्घकालीन आजार वा व्याधी असलेल्या व्यक्तीचे जीवन अधिक समर्थ होईल असे काही करावे, हा विषय त्यांच्यापुढे आला. उत्तर घरातच होते. खुर्चीच्या मोठ्या चाकांना सायकलच्या चाकाप्रमाणे तारा असतात. त्या तारांवर बसतील अशा रंगीत व चित्रमय गोल तबकड्या त्यांनी तयार केल्या. त्यांतून इझी व्हील्स हा उद्योग उभा राहिला. निरनिराळ्या देशांतील चित्रकारांनी या तबकड्यांसाठी चित्रे काढून दिली. धाकटी बहीण या उद्योगात केवळ निमित्त म्हणून राहिली नाही. ती त्याची सहसंस्थापक आहे. ‘उभे राहता येत नसेल, तर उठून दिसा’, असा त्यांच्या घोषवाक्याचा भाव मराठीत सांगता येईल.

या तबकड्यांमुळे खुर्ची अधिक वेगाने चालत नाही, की पायात शक्ती येत नाही. चाकांच्या तारांत बोटे अडकत नाहीत, हा एक व्यावहारिक लाभ होतो, एवढेच. परंतु मुख्य कार्य निराळे आहे. ज्या शाळकरी मुलीला नवे मूल भेटले की ‘तुला काय झाले?’ हाच प्रश्न ऐकावा लागे, तिला ‘हे चित्र कोणाचे?’ असा प्रश्न विचारला जाऊ लागतो. संभाषण व्याधीपासून सुरू न होता आवडीपासून सुरू होते. असा बदल कोणत्याही औषधाने घडला नसता. चष्मा हे पूर्वी केवळ दृष्टिदोषाचे साधन होते. आज मनुष्य तो आपल्या पसंतीने निवडतो आणि त्याचे कोणासही काही वाटत नाही. खुर्चीसही तोच मान का मिळू नये, असा प्रश्न या बहिणींनी आपल्या कृतीतून विचारला.

३. खेळाची रचना

रचना केवळ वस्तूंची असते असे नाही. ती नियमांची व प्रसंगांचीही असते. याचे मोठे उदाहरण अमेरिकेतील केनेडी कुटुंबात सापडते. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी ही १९१८ साली जन्मली. तिची बौद्धिक वाढ इतर भावंडांच्या मानाने मंद होती. तिच्याहून तीन वर्षांनी लहान असलेली युनिस तिला आपल्याबरोबर पोहायला व शिडाच्या नावेत नेत असे. १९४१ साली वडिलांच्या संमतीने रोझमेरीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यात आली. तिचा परिणाम भयंकर झाला. असलेली शक्तीही गेली, आणि पुढील सारे आयुष्य तिला संस्थेत काढावे लागले. कित्येक वर्षे कुटुंबाने तिच्याविषयी बाहेर मौन पाळले.

१९६२ साली युनिस केनेडी श्रायव्हर यांनी हे मौन मोडले. एका प्रसिद्ध साप्ताहिकात त्यांनी आपल्या बहिणीविषयी उघडपणे लिहिले. त्याच वर्षी मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारात त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी उन्हाळी खेळशिबिर भरवले. ही मुले खेळू शकत नाहीत, असे तेव्हा सर्रास मानले जाई. युनिस यांना बालपणापासून ठाऊक होते की ती खेळू शकतात; त्यांना कोणी खेळायला नेत नाही, एवढेच. २० जुलै १९६८ रोजी शिकागो येथील सोल्जर फील्ड मैदानावर पहिल्या स्पेशल ऑलिंपिक्स स्पर्धा झाल्या. अमेरिका व कॅनडा येथील सुमारे १,००० खेळाडू त्यांत उतरले होते.

या स्पर्धांच्या रचनेतील एक नियम शिक्षकाने विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांत वय व लिंग यांबरोबर खेळाडूची प्रत्यक्ष क्षमता पाहून गट पाडतात, आणि जवळजवळ समान शक्तीचे खेळाडू एकमेकांसमोर उभे करतात. त्यामुळे प्रत्येकाला प्रयत्नाने जिंकण्याची खरी संधी राहते. खेळाडू जसे होते तसेच राहिले; बदलली ती स्पर्धेची मांडणी. नळाच्या बाबतीत जे तत्त्व दिसले, तेच येथे मैदानावर दिसते.

४. एकापासून सर्वांपर्यंत

भावंडाचे ज्ञान खोल असते, पण ते एकाच व्यक्तीचे असते. आपल्या बहिणीला जे सोयीचे, ते दुसऱ्याच्या बहिणीला सोयीचे असेलच असे नाही. यास्तव आपुलकीला अभ्यासाची जोड लागते. मापे घ्यावी लागतात, अनेकांस विचारावे लागते, नमुना करून पाहावा लागतो, तो फसला तर मोडून पुन्हा करावा लागतो. आणि सर्वांत आधी ज्याच्यासाठी रचना करावयाची, त्याचे म्हणणे ऐकावे लागते. कारण भावंड कितीही जवळचे असले तरी ते खुर्चीच्या शेजारी असते, खुर्चीत नसते.

अमेरिकेतील वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस (१९४१–१९९८) यांचे चरित्र या दृष्टीने बोधप्रद आहे. नवव्या वर्षी पोलिओ झाल्यामुळे ते चाकांची खुर्ची वापरीत. विद्यापीठात शिकत असताना जिन्यावरून त्यांना उचलून न्यावे लागे. १९६६ साली त्यांनी वास्तुरचनेची पदवी घेतली आणि सर्वांना वापरता येतील अशा इमारतींच्या प्रसारास आयुष्य वाहिले. ‘सर्वांसाठी रचना’ ही कल्पना त्यांनीच नावारूपास आणली. त्यांचे म्हणणे असे की, दिव्यांगांसाठी वेगळे दार व इतरांसाठी वेगळे दार, असे नसावे. एकच दार सर्वांना पुरेल असे बांधावे.

एका व्यक्तीच्या गरजेतून निघालेली रचना सर्व जगाची कशी होते, हे रेल्वेच्या फलाटावरही पाहता येते. फलाटाच्या कडेजवळ पिवळ्या रंगाच्या, उंचवटे असलेल्या फरश्या बसवलेल्या असतात. जपानमधील सेइइची मियाके यांनी त्या १९६५ साली शोधून काढल्या. आपल्या एका परिचिताची दृष्टी जात चालली होती, हे त्यामागील कारण. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरातील अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसवण्यात आल्या. लांब रेघांचा उंचवटा म्हणजे ‘पुढे चला’, आणि ठिपक्यांचा उंचवटा म्हणजे ‘थांबा, सावध व्हा’. पायाला वा काठीला कळणारी ही लिपी आज अनेक देशांत वापरात आहे.

भारतातही या विचारास स्वतःचे रूप मिळाले आहे. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत २०११ साली भारतीय परिस्थितीस अनुसरून पाच तत्त्वे मांडण्यात आली. रचना समान असावी, सहज असावी, सांस्कृतिक म्हणजे येथील राहणीस अनुरूप असावी, सस्ती असावी आणि सुंदर असावी. शेवटचे तत्त्व कित्येकांस चैनीचे वाटेल. पण कीन भगिनींची हकीकत वाचल्यावर ते तसे वाटू नये. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात सर्वांसाठी रचनेची व्याख्या समाविष्ट झाली. शाळेची इमारत दिव्यांग मुलांस वापरता येण्याजोगी असणे, ही आता कृपेची नव्हे, तर कायद्याची बाब आहे.

५. शिक्षकाचे कर्तव्य

येथवर जी उदाहरणे दिली, त्यांत एक गोष्ट समान आहे. ॲल्वा कीन व युनिस श्रायव्हर या दोघींचे शिक्षण पूर्ण झाले होते. बहिणीची माया घरोघर असते. परंतु त्या मायेतून कार्य उभे राहिले, ते तिला शिक्षणाची साथ मिळाली म्हणून. वाडीवस्तीवरची जी मुलगी चौथीनंतर भावाला सांभाळण्यासाठी घरी बसते, तिच्याजवळही तेच ज्ञान असते. फरक इतकाच की, ते ज्ञान घराच्या चार भिंतींत विरून जाते. या फरकास बऱ्याच अंशी शाळा जबाबदार ठरू शकते.

अशा मुलाच्या बाबतीत शिक्षकाकडून दोन चुका होण्याचा संभव असतो. पहिली चूक म्हणजे त्याच्या त्यागाची केवळ स्तुती करणे. ‘ही किती गुणी, भावासाठी शाळा सोडली,’ असे वर्गात म्हटले म्हणजे शाळा सोडणे हाच सद्गुण ठरतो. दुसरी चूक म्हणजे ते भावंड त्याच शाळेत असेल तर त्याला मदतनीस म्हणून वापरणे. धाकट्याला शौचास नेणे, उचलून बसवणे यांसाठी थोरल्या बहिणीला वेळोवेळी वर्गातून बोलावले जाते, आणि तिचे गणित मागे पडते. तिची प्रीती खरी असली, तरी शाळेची उणीव भरून काढण्याचे साधन म्हणून ती वापरणे न्याय्य नव्हे. दोन्ही मुले शाळेच्या पटावर आहेत. दोघांचाही शिक्षणाचा हक्क सारखाच आहे.

यास्तव पुढील गोष्टी कराव्यात. भावंडाच्या कारणाने होणारी अनुपस्थिती हजेरीपटावरून हेरावी आणि घरी जाऊन चौकशी करावी. दिव्यांग मूल शाळाबाह्य असेल तर त्याचे नाव दाखल करावे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार बहुविकलांग व तीव्र दिव्यांगत्व असलेल्या बालकास गृहाधारित शिक्षणाचा पर्याय घेता येतो, हे पालकांस समजावून सांगावे. समग्र शिक्षा योजनेखाली पात्र विद्यार्थ्यांसाठी प्रवास भत्ता व मदतनीस भत्ता यांची तरतूद आहे. त्यासाठी गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी संपर्क साधावा. धाकट्याची सोय झाली म्हणजे थोरलीची शाळा बहुधा आपोआप सुटेनाशी होते.

६. वर्गात करावयाचे काम

सर्वसमावेशक रचनेचा अभ्यास इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गांतही सुरू करता येतो. त्यास मोजपट्टी, दोरी व जुना पुठ्ठा यांपलीकडे काही लागत नाही.

शाळेच्या पायऱ्यांपासून आरंभ करावा. चाकांच्या खुर्चीसाठी उतार बांधताना एकास बारा हे प्रमाण धरतात. म्हणजे १ सेंटिमीटर उंचीसाठी किमान १२ सेंटिमीटर लांबी. शाळेचा चौथरा ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर उताराची लांबी किती, असे विचारावे. उत्तर ५४० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेपाच मीटर येते. ते अंतर मुलांनी पटांगणात दोरीने आखावे. मग दीड मीटरचाच उतार केला तर काय होईल, हे पुठ्ठ्याच्या नमुन्यावर खेळण्यातील गाडी ठेवून पाहावे. गाडी वेगाने खाली येते, हे पाहिल्यावर कागदावरचे प्रमाण मुलांच्या मनात पक्के बसते. नाव पुरते लावावे म्हणून बांधलेला आखूड व उभा उतार पायऱ्यांहून अधिक धोक्याचा कसा, हेही त्यांस कळते. शाळेत आधीच उतार असेल तर त्याचे प्रमाण मोजावे, आणि बाजूस कठडा आहे की नाही हे पाहावे.

त्यानंतर दारांची रुंदी, पाण्याच्या नळाची उंची, फळ्यावरील अक्षराचा आकार आणि शौचालयातील आधाराचा दांडा पाहून नोंदी कराव्यात. वर्गात दिव्यांग विद्यार्थी असेल, तर पाहणीचा मार्ग त्यालाच ठरवू द्यावा. काय अडते, ते त्याने सांगावे व इतरांनी लिहून घ्यावे. त्याला नमुना म्हणून सर्वांपुढे उभे मात्र करू नये. डोळे बांधून अंधत्वाचा अनुभव देण्याचे खेळही जपूनच घ्यावेत. घटकाभरच्या अंधारात मुलांना केवळ भीती कळते, अंध मनुष्याचे कौशल्य कळत नाही.

ज्या मुलांना घरी दिव्यांग भावंड आहे, त्यांच्या सूचना या कामात बहुधा सर्वांहून नेमक्या असतात. त्या सूचनेचे शिक्षकाने वर्गासमोर नाव घेऊन कौतुक करावे. कौतुक दयेचे नसावे, बुद्धीचे असावे.

७. व्यवसायाची वाट

अशा मुलास हेही सांगावे की, जे तू घरी सहज करतोस, त्याचे जगात शास्त्र आहे व त्यावर चरितार्थ चालतो. रचनाकार, वास्तुरचनाकार, कृत्रिम अवयवांचे तज्ज्ञ, विशेष शिक्षक, व्यवसायोपचारतज्ज्ञ, संगणकप्रणाली लिहिणारे असे अनेक मार्ग त्यातून निघतात. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ पासून औद्योगिक रचनेचे शिक्षण दिले जात आहे, आणि अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ पासून कार्य करीत आहे. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन अशा संस्थांत जाता येते. खेड्यातील मुलापर्यंत ही नावे पोहोचत नाहीत. ती पोहोचवणे शिक्षकाच्या हाती आहे.

तथापि ही वाट दाखवावी, लादू नये. भावंडाची सेवा केली म्हणून प्रत्येकाने तोच व्यवसाय पत्करावा, असा आग्रह धरणे योग्य नव्हे. त्या मुलाला शेती, सैन्य वा संगीत आवडत असेल, तर तोही त्याचा हक्क आहे. शाळेने एवढेच पाहावे की, त्याने जे निवडले ते स्वतः निवडलेले असावे, घरच्या अडचणीने त्याच्यासाठी ठरवून टाकलेले नसावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘मुलीला नळ सोडता येत नाही’ आणि ‘नळ मुलीला सोडता येण्यासारखा नाही’ या दोन वाक्यांतील भेद स्वतःच्या शाळेतील एका उदाहरणाने स्पष्ट करावा.

२. स्पेशल ऑलिंपिक्समधील गट पाडण्याचे तत्त्व शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत कसे योजता येईल?

३. समान, सहज, सांस्कृतिक, सस्ती व सुंदर या पाच कसोट्यांवर शाळेतील पिण्याच्या पाण्याच्या व्यवस्थेचे परीक्षण करावे.

४. गेल्या तीन महिन्यांच्या हजेरीपटावरून, भावंडाच्या सांभाळासाठी घरी राहिलेल्या विद्यार्थ्यांची यादी करावी, आणि प्रत्येकाच्या बाबतीत कोणता उपाय योजला ते नोंदवून केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत मांडावे.